विचार करून सांगते

आमच्या घरात सापाला कुणी साप म्हणत नाही. आम्ही बौद्ध माणसं. नवस, अंगारे, गंडेदोरे यांतलं काही मानत नाही. त्यात मी पूर्णा जंक्शनला सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरी काढलेला माणूस, डोळ्यांनी दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. तरी साप निघाला की तोंडातून 'जनावर' एवढंच येतं. नाव घेतलं की ते परत येतं म्हणतात. मला हे पटत नाही, पण उगाच नाव तरी कशाला घ्यायचं?

त्या रविवारी दुपारी माझी मुलगी सुकेशनी व्हिडिओ कॉलवर होती. ती नर्स आहे. जर्मन शिकली, परीक्षा दिल्या, तिकडच्या एका दवाखान्यात नोकरी पक्की झाली. पण राहायची जागा ठरल्याशिवाय ते लोक पुढं हलायला तयार नव्हते, आणि जागा मिळत नव्हती. शेवटी हिल्डा नावाच्या एका म्हाताऱ्या बाईची खोली सापडली. बाई एकटी राहायची, निवृत्त शिक्षिका. फोनवर अगदी हसून बोलत होती. मी दाराआडून बघत होतो. अनोळखी माणूस इतकं गोड बोलायला लागलं की मला लाल दिवा दिसतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको सगुणा ओरडली, "अहो, जनावर निघालं!"

मी काठी घेऊन धावलो. गॅसच्या टाकीमागं चांगलं लांबलचक धूड वेटोळं घालून बसलं होतं. शेजारचा सूर्यभान असली कामं करतो. त्यानं ते पोत्यात घातलं आणि ओढ्याकडं सोडायला नेलं. मी परत आलो तर सुकेशनी बंद फोन हातात धरून बसलेली.

"काय म्हणली बाई?"

"विचार करून सांगते म्हणली."

माझं डोकंच फिरलं. हे वाक्य मला नवीन नव्हतं. सुकेशनीच्या शिक्षणासाठी परभणीत खोली बघत फिरलो तेव्हा प्रत्येक दारात हेच ऐकलं. आधी बसा म्हणायचे, पाणी द्यायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव कळलं की, विचार करून सांगतो. कुणी कधी सांगितलं नाही. विचार कसला, तो नकारच असायचा.

"तिला कुणीतरी सांगितलं असंल आपलं," मी म्हणालो.

"पप्पा, जर्मनीत कोण सांगतंय आपलं आडनाव?"

"कुणीबी सांगतंय. तिथंबी आपल्याकडचे लोक लय गेलेत. आता तिला फोन करायचा न्हाई. आपण कुणाच्या पाया पडायला न्हाई चाललो."

सुकेशनीचे डोळे भरून आले. तिची दोन वर्षांची मेहनत या एका खोलीपाशी अडली होती, आणि मी तिला तोच फोन करू देत नव्हतो. तरी माझा संशय हटेना. मी तिला समोर बसवलं आणि रेल्वेत चौकशी करतात तशी सुरुवात केली. बाई काय म्हणाली, तू काय म्हणालीस, सगळं जसंच्या तसं सांग.

"म्हणलं, घरात जनावर आलंय. तिनं विचारलं, केवढं हाय? म्हणलं, माझ्याएवढं असंल. नेहमी येतं का म्हणली. म्हणलं, पावसाळ्यात येतंच. राहतं कुठं? म्हणलं, कधी धान्याच्या कोठीखाली, एकदा तर पलंगाखाली होतं. मग म्हणली, विचार करून सांगते."

सगुणा कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "अगं, तिच्या भाषेत तू त्याला काय म्हणलीस?"

"टीअर. टीअर म्हणजे जनाव..." सुकेशनीनं कपाळाला हात लावला. "आई, मी साप म्हणलेच न्हाई. सापाचा शब्द येतो मला. पण तोंडातून गेलाच न्हाई."

"तिला वाटलं, तुमी घरात म्हशीची वगार पाळलीय, अन् पलंगाखाली बांधताय," सगुणा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिकडं भाडेकरूनं जनावर पाळायचं नाही, ही बाईची पहिली अट होती.

आता मला परवानगी द्यावीच लागली. सुकेशनीनं फोन लावला, सगळं सांगितलं. बाई खोकला येईस्तोवर हसली. हसणं थांबल्यावर तिच्यातली शिक्षिका जागी झाली. सुकेशनी मला मराठीत सांगत होती. जर्मनमध्ये टीअर म्हणजे कुठलंही जनावर. डच लोक दिअर म्हणतात, स्वीडनमध्ये यूर, अर्थ तोच. इंग्रजांचा डिअरसुद्धा हाच शब्द. आधी त्यांच्याकडंही तो सगळ्या जनावरांना चालायचा. पण शिकारीत सारखं हरीणच, म्हणून तो हरणाला चिकटला आणि बाकीची जनावरं त्यातून सुटली. तुमच्याकडं तुमचा शब्द सापाला चिकटला, बाई म्हणाली.

"आपला मृगबी तसाच, पप्पा. आधी रानातलं कुठलंबी जनावर, मग नुसतं हरीण."

मला ते ऐकायला बरं वाटलं, पण माझे कान दुसऱ्याच गोष्टीकडं होते. "खोलीचं काय म्हणायलीय?"

सुकेशनीनं विचारलं, फोन ठेवला आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. "उद्या विचार करून सांगते म्हणली."

"बघ," मी म्हणालो. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाईचा मेसेज आला. सुकेशनीनं वाचलं आणि मला वाचून दाखवलं. बाईनं लिहिलं होतं, काल पहिल्या फोननंतर मी तुला खोली देणार नव्हते, तू जनावर आणशील या भीतीनं. आज विचार केला. खोली तुझी. येताना जनावर आणू नकोस, तुमच्या अर्थाचंही नको.

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. नकार देणार होते, आणि का देणार होते, हे कुणी मला आजवर तोंडावर सांगितलं नव्हतं. मी कपबशी उचलून स्वयंपाकघरात गेलो.

"काय म्हणली हो बाई?" सगुणानं विचारलं.

"विचार करून सांगते म्हणली होती," मी म्हणालो. "तिनं विचार केला. अन् सांगितलं."