वडिलांची सही

लातूरच्या निवड चाचणीतून साक्षी सॉफ्टबॉलच्या संघात निवडली गेली. स्पर्धा थायलंडला आहे हे कळल्यावर तिच्या आईनं, आरतीनं, आधी आपल्या दवाखान्यात पेढे वाटले. पासपोर्ट हे काय प्रकरण असतं, ते तिला नंतर समजलं.

बिलोलीतल्या नेट कॅफेवाल्यानं फॉर्म भरून दिला. नर्सची ड्यूटी बदलून घेऊन, सकाळची पहिली एसटी धरून मायलेकी नांदेडच्या पासपोर्ट केंद्रात पोचल्या. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले.

“ताई, यावर वडिलांची सही नाही.”

“ते नाहीत.”

“वारले?”

“नाही.”

“घटस्फोट झालाय?”

“नाही.”

“मग आहेत कुठे?”

“ते ठाऊक असतं तर सही नसती का आणली?”

आरतीचा आवाज चढला तशी रांगेतली माणसं वळून बघायला लागली. साक्षीनं मान खाली घातली. तिचा बाप सुदर्शन घर सोडून गेला त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. पोरीची फी भरताना, चष्मा करताना, टायफॉइडात आठ दिवस उशाशी बसताना त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं. आता एका सहीवाचून अडलं होतं.

बाई भल्या होत्या. कॅफेवाल्यानं दोघांच्या संमतीचा फॉर्म जोडला होता. एकट्या आईनं लिहून द्यायचा फॉर्म वेगळा असतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. कॅफेवाल्याला चार शब्द सुनावून आरतीनं तो भरून घेतला. पुन्हा ड्यूटीची बदलाबदल, पुन्हा एसटी. या खेपेला कागद घेतले गेले, साक्षीचा फोटोही तिथंच काढला.

आठवड्यानं पोलीस ठाण्यातून फोन आला. “मॅडम, तुम्ही लिहून दिलंय नवऱ्याचा पत्ता नाही. आज घरी चौकशीला गेलो तर तुमचे सासरे म्हणतात पुण्यात कंपनीत आहे, दिवाळीला येतो. खरं काय धरायचं आम्ही?”

आरती तणतणत घरी आली. सासरे दगडोबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

“मामा, जमादाराला काय सांगितलं तुम्ही?”

“काय सांगू मग? दारात चार लोकं उभी होती.”

“पाच वर्षांत एक फोन न्हाई. पुण्यात हाय म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी न्हाई.” म्हाताऱ्यानं तंबाखू तशीच खाली टाकली. “गावात उठबस हाय माझी.”

“आन् माझी न्हाई? बाया इचारतात, दिवाळीला साडी काय आणली नवऱ्यानं? मी हसून गप बसते. कुणासाठी? आता पोरगी घरी बसंल, तुमचा पोरगा मात्र कंपनीत जाईल रोज!”

दगडोबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी आरती ठाण्यात जायला स्टँडवर गेली तर धुतलेलं धोतर नेसून ते तिच्याआधीच तिथं उभे.

ठाण्यात जमादारासमोर ते बसले नाहीत.

“लिवा साहेब. माझा पोरगा बायकोला न् लेकीला टाकून गेला. पुण्यात न्हाई. कुठं हाय, मला म्हाईत न्हाई.”

“कधीपासून?”

आरती सांगायला गेली, पण म्हातारा आधीच बोलला.

“पाच वर्सं न् दोन महिने. नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी, सकाळच्या गाडीनं. मीच बसवून दिलं त्याला. म्हणला, सांजच्याला येतो.”

हे आरतीला ठाऊक नव्हतं. आपण ड्यूटीवर असताना सुदर्शन गुपचूप निघून गेला, एवढंच ती धरून चालली होती. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. ते जबाबावर अंगठा टेकवत होते आणि अंगठा नीट उमटत नव्हता. जमादारानं दोनदा शाई लावली.

परतीच्या गाडीत तिला रागावायचं होतं, पण राग नेमका कुणावर काढायचा ते ठरेना. तिनं पिशवीतल्या दोन पोळ्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या खाल्ल्या.

निघायला सहा दिवस राहिले असताना पोस्टमननं पासपोर्ट आणून दिला. दगडोबांनी तो दूर धरून नातीचा फोटो पाहिला.

“लई रागात हायस गं हितं.”

“होतेच, आबा,” साक्षी म्हणाली आणि पासपोर्ट त्यांच्या हातातून काढून घेतला.