अठ्ठाविसावा दात

दाढ हिरडी फोडून वर येण्याआधी तिच्यावरची जागा पांढरी पडते. आधी हिरडी किंचित फुगते, मग जवाच्या दाण्याएवढा डाग दिसतो, आणि तिथून तीन ते सहा आठवड्यांत दाढेचे पहिले टोक बाहेर येते. हे मी हजाराहून अधिक तोंडांत पाहिले आहे. झिला क्लेगच्या तोंडात, वरच्या डाव्या बाजूला अगदी शेवटी, असा डाग मी १८८५ च्या जुलैच्या नऊ तारखेला पाहिला, आणि कोणालाही सांगितला नाही.

माझे वडील, डॉ. टॅटरसॉल, हॅझलडेन गावातल्या तिन्ही सूतगिरण्यांचे दाखल्याचे डॉक्टर होते; कामावरच्या मुलांना वयाचा दाखला तेच देत. तेरा वर्षांखालच्या मुलांनी अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत काढायचा, तेरा पूर्ण झाली की पूर्ण दिवस कामावर. तेरा झाली की नाही, हे वडिलांनी तोंडात पाहून ठरवायचे. चोवीस दात म्हणजे अजून अवकाश आहे. अठ्ठावीस म्हणजे तेरा. "घोड्याचे दात कानशीने घासून वय चोरता येतं," वडील म्हणत. "पोरांच्या बाबतीत अजून कुणाला ते सुचलेलं नाही, हे नशीब."

चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. त्यांनी ते कोणाला कळू दिले नाही. मी इन्स्टिट्यूटच्या रात्रीच्या वर्गात शरीरशास्त्र आणि रसायन शिकले होते, दोन्हींत पहिली आले होते, आणि गावात त्या शिक्षणाचा दुसरा काही उपयोग नव्हता. तेव्हा मुलांच्या तोंडात आरसा मी घालू लागले. मी आकडा मोठ्याने सांगायचा, वडिलांनी सही करायची. गिरणीच्या कारकुनांना वाटे, मुलगी बापाच्या हाताखाली मदत करते. कायद्याच्या दृष्टीने माझ्या आकड्याला काडीची किंमत नव्हती.

मार्चमध्ये क्लेगबाई झिलाला घेऊन आली. मुलगी काटक होती, डोळ्यांत खोडकरपणा होता. खुर्चीत बसताच तिने जबडा पसरला.

"नीट मोजा हं, बाई. आमच्या आजीपेक्षा तरी जास्त निघतील."

"आजीला एकच होता," आई म्हणाली. "गप बस."

मी मोजले. चोवीस. मागच्या चारही जागा सपाट, गुलाबी, घट्ट. क्लेगबाईने मुलीला बाहेर पाठवले आणि माझ्याजवळ सरकली. शेजारच्या खोलीत वडील लेखणी घेऊन बसले होते.

"बारा पुरी झाली जानेवारीत," ती कुजबुजली. "तुमच्याशी खोटं कशाला बोलू? नवऱ्याच्या छातीत कापूस बसलाय, उठवत नाही त्याला. अर्ध्या दिवसाच्या पगारात भागत नाही, बाई. पोरगी हाताला चलाख आहे. तुम्ही अठ्ठावीस म्हणालात तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

मी खरोखरच विचार केला. कोणाचे काय बिघडेल, हे मी एकेक करून तपासले, आणि मला कोणीच सापडले नाही.

"अठ्ठावीस," मी मोठ्याने म्हणाले. वडिलांनी सही केली.

क्लेग मंडळी बाप्टिस्ट. त्यांच्यात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होत नाही, म्हणून चर्चच्या वहीत झिलाचा जन्म नव्हता. सरकारी वहीतही नव्हता. ती जन्मली तेव्हा नोंद केलीच पाहिजे अशी सक्ती नव्हती. सुईण मरून गेली होती. झिला किती वर्षांची, हे सांगणारा जगात एकच कागद झाला, आणि तो त्या दिवशी आमच्या टेबलावर तयार झाला. जाताना क्लेगबाईने आमच्या बायबलवर हात ठेवला. "मेले तरी तुमचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही," ती म्हणाली. ते वचन मी मागितले नव्हते.

जूनमध्ये मुकादम सायलस थॉर्पने झिलाला सुताच्या कोठीत बॉबिन आणायला पाठवले आणि मागोमाग स्वतः गेला. त्यापुढचे मी लिहिणार नाही. ते तिला कोर्टात एकदा सांगावे लागले, तेवढे पुरे.

पहिली सुनावणी सात जुलैला झाली. मुलगी तेराच्या आतली असेल, तर ती राजी होती का हे कायदा विचारत नाही. गुन्हा तो गुन्हाच. तेरा पूर्ण असेल, तर मग तो तेवढेच विचारतो. थॉर्पच्या वकिलाने, होलरॉइडने, गिरणीच्या कचेरीतून दाखला आणला आणि न्यायाधीशांपुढे ठेवला. वय तेरा पूर्ण. दात अठ्ठावीस. मग तो झिलाकडे वळला.

"तू ओरडलीस का?"

"साचे चालू होते, साहेब."

"मी ते विचारलं नाही. ओरडलीस का?"

"गिरणीत कुणीच ओरडत नाही. ऐकू येत नाही. आम्ही नुसते ओठ हलवतो."

मागे कोणीतरी हसले. क्लेगबाई उठून म्हणाली की पोर बारा वर्षांची आहे. होलरॉइडने मान तिरकी केली. "म्हणजे मार्चमध्ये तुम्ही डॉक्टरांना फसवलंत?" तिने माझ्या दिशेने पाहिले नाही. ती खाली बसली. वयाचा पुरावा आणा, असे सांगून न्यायाधीशांनी तारीख दिली.

नऊ तारखेला ती मागच्या दाराने आमच्याकडे आली, झिलाला पुढे घालून.

"मला शब्दातून सोडवा, बाई. मी बायबलवर बोललेय, माझ्यानं मोडवत नाही. तुम्ही सोडवलंत तर सांगेन. नाहीतर तुम्हीच सांगा."

झिला स्वयंपाकघरातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मार्चमधली मुलगी तिच्यात शोधावी लागत होती. मी आरसा घेतला. ती तोंड उघडून राहिली. तोंड उघडायला सांगितले की उघडायचे, इतकेच आता तिला उरले होते. मी दोनदा मोजले. सत्तावीस. आणि शेवटच्या जागी तो पांढरा डाग.

त्याचा अर्थ मला लगेच कळला. मार्चच्या दाखल्यात अठ्ठावीस दात होते आणि जुलैत सत्तावीस. दात उपटल्याची खूण नाही, हिरडी अखंड. कोणत्याही डॉक्टरला, अगदी न्यायाधीशाला, हे बोट घालून दाखवता आले असते. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती. पुरावा तोंडात होता, आणि तो जास्तीत जास्त सहा आठवडे टिकणार होता.

"बाबांशी बोलते," मी म्हणाले.

त्या रात्री जेवताना वडिलांनीच विषय काढला. "त्या क्लेगच्या पोरीला अठ्ठावीस होते ना, हेस्टर?"

"हो."

"मग झालं. मला बोलावतील ते. जाईन." त्यांनी ताटातला बटाटा काट्याने चाचपडून शोधला. "एक दाखला खोटा निघाला, तर चार वर्षांचे सगळे उघडतील. किती पोरं घरी बसतील, ठाऊक आहे? आणि मी काय सांगणार, कुणी मोजले म्हणून?"

मी त्यांच्या ताटात मटणाचा तुकडा त्यांच्या हाताच्या बाजूला सरकवला. उद्या बोलेन, असे ठरवले. मी रोज तेच ठरवत होते.

त्या महिन्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी देशभर गदारोळ उठवला होता. लहान मुलींच्या खरेदीविक्रीच्या बातम्या येत होत्या, आणि संमतीचे वय तेरावरून सोळावर न्यावे म्हणून गावोगाव सभा भरत होत्या. आमच्या चॅपेलमध्ये बॅक्सेंडेलबाईंनी अर्ज आणला. जाळीचे हातमोजे घालून त्या दारातच उभ्या होत्या.

"तुम्ही सही केलीच पाहिजे, मिस टॅटरसॉल. शिकलेल्या बाईच्या सहीला वजन असतं."

"त्या क्लेगच्या पोरीसाठी काही करता येईल का?" मी विचारले.

"अगं बाई, ती!" त्यांनी आवाज खाली आणला. "ती तेराची झालेली. त्यात आईची जीभ दोन बाजूंनी चालते म्हणे. आपण तत्त्वासाठी लढतोय, एकेका पोरीत अडकलो तर कसं व्हायचं?"

मी सही केली. इंग्लंडमधली प्रत्येक मुलगी सोळापर्यंत लहान आहे, असे मी स्वच्छ अक्षरात लिहून दिले. एक मुलगी बारा वर्षांची आहे, हे मात्र मी लिहिले नव्हते.

सुनावणी दोनदा पुढे गेली. एकदा होलरॉइड दुसऱ्या कोर्टात होता. दुसऱ्यांदा ऑगस्टची बारा तारीख उलटून शिकारीचा हंगाम उघडला होता आणि न्यायाधीश डोंगरावर पक्ष्यांच्या शिकारीला गेले होते. थॉर्प जामिनावर सुटून कामावर येत होता. झिलाला गिरणीने काढून टाकले होते. क्लेगबाई लोकांचे कपडे धूत होती. पाणवठ्यावरच्या बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलत. "पूर्ण दिवसाच्या कामाची घाई झालती ना? घ्या आता पूर्ण दिवस."

ऑगस्टच्या मध्याला कायदा झाला. क्लेगबाई ओल्या हातांनी धावत आली. कोणीतरी तिला वाचून दाखवले होते.

"सोळा! बाई, सोळा केलं त्यांनी! आता बारा असो की तेरा, सुटत नाही मेला!"

मला तिला खाली बसवावे लागले. कायदा झाला त्या दिवसापासून पुढे तो लागू होतो, जूनमध्ये जे घडले त्याला जूनचाच कायदा, हे मी तिला समजावले. मी ते स्पष्ट सांगितले. मला स्पष्ट सांगता येते.

ती बराच वेळ हात पुसत राहिली. "म्हणजे दोन महिने दम काढला असता त्यानं, तर सापडला असता," ती म्हणाली. मग हसली. तसे हसणे मी पुन्हा ऐकलेले नाही.

झिला दारात उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून माझ्याशी बोलली.

"दाढ दुखायची थांबली, बाई. आली वाटतं."

तिने तोंड उघडले. आरशाची गरज नव्हती. वर डावीकडे, अगदी शेवटी, चार स्वच्छ टोके. अठ्ठावीस.

मी तिला तोंड मिटायला सांगितले. ती नुसती उभीच राहिली, म्हणून मी हनुवटीला बोट लावून तिचे तोंड मिटवले.

एकवीस ऑगस्टला कोर्ट भरले. असल्या खटल्यात बायकांना बाहेर काढण्याची रीत आहे. पहिल्या तारखेला ती कोणी पाळली नव्हती; या वेळी शिपायाने दार उघडून धरले आणि बायका निघाल्या. क्लेगबाई साक्षीदार म्हणून बाजूच्या खोलीत. मी वडिलांचा हात धरून होते, म्हणून मला कोणी काही म्हटले नाही. चाळीस पुरुषांत मी आणि झिला, दोघीच.

होलरॉइडने वडिलांच्या हातात दाखला दिला.

"ही तुमची सही?"

वडिलांनी कागद डोळ्यांसमोर योग्य अंतरावर धरला. दाखल्याचा मजकूर त्यांना पाठ होता. "माझीच," ते म्हणाले.

"मुलीच्या तोंडात तुम्ही स्वतः पाहिलंत?"

त्यांनी मान माझ्या बाजूला किंचित वळवली. मी कुठे उभी आहे हे त्यांना श्वासावरून कळते.

"स्वतः पाहिलं."

"किती दात होते?"

"अठ्ठावीस."

"आभारी आहे, डॉक्टर. साहेब, कुणाला शंका असेल तर मुलगी इथे आहे. तिनं तोंड उघडावं. आजही अठ्ठावीसच सापडतील."

झिलाने तोंड उघडले. कोणी खरोखर सांगायची तिने वाट पाहिली नाही. खोलीतले पुरुष पुढे झुकले, आणि न्यायाधीशांनी चष्मा नाकावर खाली घेऊन लांबूनच पाहिले. थॉर्प आपल्या टोपीच्या काठावरचा सुताचा तंतू काढत होता.

माझ्या डोक्यात हिशोब स्वच्छ होता. सहा आठवड्यांपूर्वी मी बोलले असते तर तो डाग माझ्या बाजूने बोलला असता. आता तिच्या तोंडातला प्रत्येक दात माझ्या विरुद्ध साक्ष देत होता. मी बोलले तर वडिलांची शपथ खोटी ठरेल, त्यांचे काम जाईल, शेकडो मुलांचे दाखले उघडतील, आणि होलरॉइड विचारेल की ही बाई आज खरे बोलते कशावरून. बहुधा थॉर्प तरीही सुटेल. मी हे सगळे पुन्हा तपासले. चूक सापडली नाही.

"आणखी काही नसेल, तर मला हा खटला वरच्या कोर्टात पाठवण्याचं कारण दिसत नाही," न्यायाधीश म्हणाले आणि कागद गोळा करू लागले.

झिलाचे तोंड अजून उघडेच होते. मिटायला तिला कोणी सांगितले नव्हते.

मी वडिलांच्या हातातून माझा हात सोडवून घेतला. त्यांनी बोटे घट्ट केली, मग सैल सोडली.

"मार्चमध्ये चोवीस होते, साहेब," मी म्हणाले. "मोजले मी. माझ्या वडिलांना दिसत नाही."