मधल्या खंडात काही घडत नाही

मित्रांनो, मी एक जुना खंड आहे. एका लांबलचक अद्भुत कादंबरीच्या तीन खंडांपैकी दुसरा, म्हणजे मधला. घरात तीन भावंडे असली की थोरल्याचे कौतुक होते, धाकट्याचे लाड होतात आणि मधल्याने समजून घ्यायचे असते. माझी कहाणी ऐकताना तुम्हाला वाटेल, हा सारखा जळतो कशाला? वाटू द्या. मी जळतच होतो, आणि ते लपवण्याइतका साधू मी अजून झालेलो नाही.

आम्हा तिघांचा जन्म एकाच छापखान्यात झाला. कागद एकच, शाई एकच, शिवणारे हातही तेच. फरक पडला तो मुखपृष्ठांत. थोरल्याच्या अंगावर नदीचा आवाज बाटलीत कोंडून पळणारा जादूगार आला. धाकट्याला जळता किल्ला आणि आभाळभर पंखांचा पक्षी मिळाला. माझ्या वाट्याला आली एक करडी टेकडी आणि तिच्यावर चढणारी तीन पाठमोरी माणसे. चित्रकाराने त्यांचे चेहरे काढण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

दुकानात गिऱ्हाईक यायचे, थोरल्याचे पहिले पान चाळायचे, मग धाकट्याचे शेवटचे पान चोरून बघायचे. मला हात लागायचा तो त्या दोघांना सरळ उभे करण्यापुरता. एक गृहस्थ तर म्हणाले, "मला पहिला आणि तिसराच द्या." दुकानदार म्हणाला, "संच मोडत नाही हो." मी दुकानात कशासाठी आहे, ते मला त्या दिवशी कळले. संच मोडू नये म्हणून!

पुढे एका बाईंनी आम्हाला घरी नेले. त्यांना दोन मुले होती, एक लेक आणि तिच्यापेक्षा लहान एक मुलगा. त्याला सगळे छोट्या म्हणत. मुलांचे बाबा दूरच्या बंदरावर क्रेन चालवत. वर्षातून एकदा येत आणि बॅग पुरती उघडायच्या आत परत जात. आई रोज संध्याकाळी स्वयंपाक झाला की ओट्याला टेकून मुलांना आमच्यातले थोडे थोडे वाचून दाखवायची. थोरला वाचताना तिचा आवाज असा चढायचा की छोट्या जाऊन खुर्चीखाली लपायचा. बाबा सुट्टीवर आले होते तेव्हा त्यांनीही कांदा चिरता चिरता थोरला ऐकला. पुढच्या वर्षी आले तेव्हा धाकटा चालू होता. मधले सगळे राहून गेले.

पण मुलांनी तरी मला कुठे पुरते ऐकले? माझ्यात एक नावाडी आहे. नदी आटलेली असते, म्हणून तो आपली होडी खांद्यावर घेऊन कोरड्या पात्रातून चालतो, पुढे पाणी लागेल या आशेवर. त्याची बायको घरी त्याची वाट बघत असते. त्या दोघांची पाने आली की आईचा आवाज अडखळायचा. ती चार-सहा पाने एकदम उलटायची आणि म्हणायची, "मग ते चालत चालत पुढे गेले." मुले विचारायची, "काहीच झालं नाही?" आई म्हणायची, "नाही रे, मधल्यात काही घडत नाही." मुले शाळेत गेली की तीच पाने ती गॅसजवळ उभ्याने, मनातल्या मनात वाचायची. हे फक्त मला ठाऊक होते. पण घरात माझ्यावर जो शिक्का बसला तो बसलाच.

वर्षे गेली. आई गेली. बाबा बंदरावरून कायमचे घरी आले आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसू लागले. लेक मालिकांचे संवाद लिहू लागली, छोट्या जाहिराती करता करता दिग्दर्शक झाला. आणि एके दिवशी तो पेढे मिळाल्यासारखा चेहरा करून घरात शिरला. आमच्या कादंबरीवर सिनेमा काढायची परवानगी त्याला मिळाली होती! कपाटात आम्हा तिघांच्याही अंगावर काटा आला. मी मनाशी म्हटले, आता सगळ्यांना कळेल मी कोण आहे ते.

मित्रांनो, लेकीची काम करायची एक पद्धत होती. ती कात्री घेऊन बसायची. जो प्रसंग सिनेमात हवा, ते पान कापायचे आणि डिंकाने भिंतीवर लावायचे. पानाच्या दोन्ही बाजू लागतात, म्हणून थोरल्याची आणि धाकट्याची एकेक जादा प्रत तिने मागवली. माझी मागवली नाही.

"अडीच तासांत बसवायचंय छोट्या. मधल्याचं काय करू?" तिने विचारले.

"एक गाणं टाकू. तिघं टेकडी चढतात, कॅमेरा वर जातो, झालं. तसंही त्यात काही घडत नाही."

"आई पण तेच म्हणायची," लेक म्हणाली आणि तिने मला लॅपटॉपखाली सरकवले. लॅपटॉपचा पडदा फार खाली यायचा, तिची मान दुखायची.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. डोक्यावर लॅपटॉप, आणि समोर भिंतीवर माझे भाऊ! दिवसागणिक त्यांची पाने भिंतीवर चढत होती. कोणी चहा सांडत होते, कोणी पेनाने रेघा मारत होते, कोणी "वा, काय प्रसंग आहे!" म्हणत होते. थोरल्याचा पुठ्ठा निघाला, धाकट्याची शिवण उसवली. दोघांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि मला त्या चिंध्यांचा हेवा वाटत होता. मी मात्र कोरा करकरीत, एका यंत्राचे पाय दाबत पडलेलो. मला एकच हवे होते. त्या भिंतीवर जागा.

मग एका दुपारी बाबांनी मला लॅपटॉपखालून ओढून काढले. माझ्या जागी त्यांनी डाळीचा रिकामा डबा ठेवला. लेकीच्या ते तेव्हा लक्षातही आले नाही. बाबा मला गॅलरीत घेऊन गेले, भिंग काढले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. रोज दुपारी पान-दोन पाने. चष्मा पुसायचे पिवळे फडके ते खुणेला घालत. नावाडी आला की ओठ हलवून वाचत, आणि होडी फार जड झाली की स्वतःचा खांदा चोळत. इतके मन लावून मला आईखेरीज आजवर कोणी वाचले नव्हते. पण खरे सांगू? माझे कान सगळे आत, टेबलाकडे. आत धाकट्याच्या जळत्या किल्ल्यावर चर्चा रंगलेली, आणि मी इथे एका म्हाताऱ्याच्या मांडीवर! मला ती शिक्षा वाटायची.

बाबा माझ्या शेवटच्या प्रकरणापाशी पोचले. तिथे एक फाटा लागतो. एक वाट किल्ल्याकडे जाते, दुसरी नावाड्याच्या गावाकडे. तो होडी खाली ठेवून उभा राहतो. बाबांनी तिथे फडके ठेवले आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले.

त्याच दिवशी कपडेपट सांभाळणाऱ्या बाई घरी आल्या. मोठ्या चटपटीत बाई. त्यांनी नावाड्याचा सदरा टेबलावर पसरला आणि विचारले, "हा झिजवायचा कुठे ते सांगा. गुडघे, कोपर, की आणखी कुठे? नवा कोरा घातला तर माणूस दुकानातून आल्यासारखा दिसेल."

लेक आणि छोट्या एकमेकांकडे बघू लागले. धाकट्यात नावाडी येतो तो थेट किल्ल्यापाशी, आणि सैन्याला खूण करायला आपली होडी जाळतो. सगळ्यात मोठा प्रसंग तोच. पण त्याचा सदरा कुठे झिजला असेल?

"उजव्या खांद्यावर," गॅलरीतून बाबा म्हणाले.

"का हो?" बाईंनी विचारले.

"होडी वाहिलीय ना त्याने. अख्खा खंडभर."

बाई म्हणाल्या, "अगंबाई! खांद्यावर वाहिलेली होडी जाळतो होय तो? मग हे दाखवत का नाही तुम्ही? मला तर वाटलं, कुणाची तरी पडून असलेली होडी असेल."

छोट्या उठला. "ताई, मधला कुठाय?"

"बाबांकडे." लेक गॅलरीत आली. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते, केस पेन्सिलीने कसेबसे बांधलेले होते. "बाबा, परवा शूटिंग सुरू होतंय. मला सगळं परत लिहायला लागणार. तुमचं वाचून झालंय का हे? कापायला लागेल, म्हणून विचारते."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. मग माझ्यातले पिवळे फडके ओढून काढले, त्याने चष्मा पुसला आणि म्हणाले, "झालंय गं. घे."

झाले नव्हते, मित्रांनो. नावाडी अजून फाट्यावर उभा होता. हे मला माहीत होते, बाबांना माहीत होते, आणि मला तोंड असते तरी मी त्या वेळी गप्पच बसलो असतो. कारण मी टेबलाकडे निघालो होतो!

कात्री लागली तेव्हा दुखले, पण मी हूं की चूं केले नाही. भिंतीवर थोरल्याची पाने बाजूला सारून मला मधोमध जागा दिली गेली. नावाडी चालू लागला. छोट्या म्हणाला, "ताई, हा तर खरा हिरो निघाला." थोरला आणि धाकटा भिंतीवर चिडीचूप. माझा आनंद काय वर्णावा! जादा प्रत नव्हती, म्हणून माझ्या प्रत्येक पानाची मागची बाजू डिंकाखाली गेली. शेवटचे प्रकरण लेकीने वरवर पाहिले, त्यातल्या पानांची तिला हवी ती बाजू वर ठेवून भिंतीवर लावली आणि उरलेले बुटांच्या खोक्यात टाकले. फाट्यावरचा तो उभा राहण्याचा प्रसंग तिने घेतला. त्यापुढचे काढून टाकले. सिनेमातला नावाडी गावाच्या वाटेकडे एकदा बघतो, होडी उचलतो आणि किल्ल्याकडे चालू लागतो.

सिनेमा खूप चालला. होडी जळताना लोक रडले म्हणे. भिंतीवरची पानेही उतरवून त्याच खोक्यात टाकल्यामुळे मी आता सगळा खोक्यात होतो, पण घरात येणारा जाणारा नावाड्याबद्दलच बोलायचा आणि मी खोक्यात फुगायचो. बाबांनाही नेले होते बघायला. घरी आल्यावर छोट्याने विचारले, "आवडला का?" बाबा म्हणाले, "चांगला झालाय. म्हणजे तो घरी गेलाच नाही." छोट्या म्हणाला, "मग, तोच तर त्याग आहे ना बाबा." पुढचे कितीतरी दिवस बाबा गॅलरीत नुसतेच बसायचे. एकदा त्यांनी माझे खोके उघडले, एक तुकडा उचलला, भिंग लावले, उलटा केला. मागे डिंकाचा थर होता. त्यांनी तो तुकडा हळूच परत ठेवला.

सिनेमामुळे कादंबरी पुन्हा छापली गेली. लेक तिन्ही नवे खंड घेऊन आली. आणि काय सांगू, मित्रांनो! नव्या मधल्याच्या मुखपृष्ठावर नावाडी होता. मोठा, समोर तोंड केलेला, खांद्यावर होडी. तिघांत उठून दिसत होता मेला.

बाबांनी बाकीच्या दोघांना हातही लावला नाही. नव्याला घेऊन ते गॅलरीत गेले आणि पहिली पाने सोडून थेट शेवटचे प्रकरण उघडले. मला खोक्यात पाने उलटल्याचा आवाज येत होता. शब्द सगळे माझेच होते, एक कमी नाही, एक जास्त नाही. पण आवाज त्याचा येत होता.

लेक चहा घेऊन गेली तेव्हा बाबा म्हणाले, "आला होता गं घरी."

"कोण?"

"नावाडी. एक दिवस राहून गेला. ती काही बोलली नाही त्याला. आधी त्याचा खांदा बघितला, मग जेवायला वाढलं."

"हो, ते होतं थोडं. मी काढलं बाबा, फार लांबत होतं."

"सिनेमात लांबत असेल," बाबा म्हणाले.

लेक कप हातात धरून उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "पण तुम्ही तर म्हणाला होतात, वाचून झालंय."

"तेव्हा तुला घाई होती."

ती खाली बसली, त्यांच्या खुर्चीजवळ, जमिनीवर. म्हणाली, "ते पान मला वाचून दाखवा ना." आणि बाबांनी वाचायला सुरुवात केली. ते अडखळत वाचत होते, ओळी चुकत होते, आणि ती ऐकत होती.

मित्रांनो, जुनी पुस्तके आपली कहाणी संपवताना सांगतात, आम्हाला जपा, पाने दुमडू नका, चहा सांडू नका. मी तसे काही म्हणणार नाही. सांडा चहा, मारा रेघा, हवे तर कात्रीसुद्धा लावा. फक्त आधी विचारा, कोणाचे वाचायचे राहिले आहे का. आणि "झालंय" असे उत्तर आले, तर डोळे जरा वर करून त्या माणसाकडे नीट बघा.

भिंतीवर मी होतो, सिनेमात मी होतो, लोकांच्या तोंडी मी होतो. त्या दोन भावांचा हेवा आता मला उरलेला नाही. पण ती शेवटची पाने बाबांनी माझ्यातून वाचायची होती, आणि ती त्या नव्या खंडाने वाचून घेतली. त्याचा मला फार हेवा वाटतो.