पत्ता जुनाच

भांडून वेगळी झालेली धाकटी तीन महिने नव्या दुकानात ऑर्डरची वाट बघत बसली होती. पुस्तकबांधणीचा धंदा दोघी बहिणींनी वीस वर्षं एकत्र केला. ताईचा हात जुनी फाटकी पुस्तकं सांधण्यात, धाकटीचा नव्या वह्या-डायऱ्यांत. आणखी एक महिना असाच गेला तर कायमचं शटर ओढायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ताईकडे परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. ताठा दोघींच्याही रक्तात होता, आणि रोजच्या वापरातला असल्यामुळे तो गंजलाही नव्हता.

मंगळवारी एका शिक्षिकेचा फोन आला. "डायऱ्या मिळाल्या हो, फार सुरेख झाल्यात!"

धाकटीनं कुठल्याच डायऱ्या बांधल्या नव्हत्या. पाणी कुठं मुरतंय ते बघायला तिनं आपली वेबसाइट उघडली आणि तिथलं 'ऑर्डर द्या' हे बटण पहिल्यांदाच दाबलं. आपल्याच घराची बेल कोण कशाला वाजवून बघेल! बटणानं तिला थेट ताईच्या वेबसाइटवर नेऊन उभं केलं.

तिनं कपाळावर हात मारला. जुनी साइट तिनंच बनवली होती. नवीसाठी तीच पानं उचलून आणली, नाव बदललं, रंग बदलले. पण प्रत्येक लिंकमध्ये जुन्या साइटचा पूर्ण पत्ता तसाच राहिला होता. 'इथलंच ऑर्डरचं पान' एवढंच लिहिलं असतं, तर पानं जिथं गेली तिथं लिंकही सोबत गेली असती. पूर्ण पत्ता मात्र कुठूनही निघा, जुन्याच दारात नेतो. तीन महिन्यांची गिऱ्हाइकं तिनं स्वतःच्या हातानं ताईकडे पोचवली होती, आणि ताईनं हूं की चूं केलं नव्हतं. धाकटीचा पारा चढला. ती तडक निघाली.

ताई टेबलाशी वही शिवत होती. वर न बघता म्हणाली, "आलीस? बस. तुझ्या या वह्यांची शिवण काही जमत नाही बाई मला. दोनदा उसवली."

"मग घेतल्यास कशाला ऑर्डरी?"

"तू पाठवल्यास म्हणून." ताईनं चष्मा काढला. "गिऱ्हाइकं तुझ्याच दुकानाचं नाव लिहीत होती. मीही तुझंच नाव आणि फोन घालून धाडल्या सगळ्या. पहिली ऑर्डर आली ना, तेव्हाच आईला सांगितलं, धाकटीचा राग गेला म्हणून. तोंडानं तू बोलणार नाहीस, माहीत होतं मला."

धाकटी समोरच्या स्टुलावर बसली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ताईच्या बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या. वीस वर्षांत इतक्या कधी नव्हत्या.

"हो," ती म्हणाली. "मुद्दामच पाठवल्या."

घरी येऊन तिनं लिंक बदलायला घेतल्या. एकेक पान आता तिच्याच ऑर्डरच्या पानाकडे नेऊ लागलं. शेवटी राहिलं जुनी पुस्तकं सांधून देण्याचं पान. तिथं तिनं ताईच्या साइटचा पूर्ण पत्ता एकेक अक्षर तपासत नव्यानं लिहिला.