घशात अडकलेला आकडा

मी कॉम्प्युटर आहे, पण टेबलावर बसून गाणी ऐकवणाऱ्यांपैकी नाही. कवठेमहांकाळहून जतच्या अंगाला निघालं की माळावर बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज लागतं. त्याच्या चार नंबरच्या खोलीबाहेर, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत मी राहतो. मला तोंड नाही, तरी एका मंगळवारची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी जुळणी साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात झाली. मला शिकवलं नौशीननं. तेव्हा ती नुकतीच इंजिनिअर झाली होती. खोल्या गार ठेवायला इथं नळ्यांतून अमोनिया फिरतो. तो सुटला तर डोळे आणि छाती जाळतो. म्हणून खोलीच्या छताजवळ एक मापक लावलंय. ते हवेतला अमोनिया मोजतं आणि माझ्या पाठीतल्या कार्डाला आकडा कळवतं. आकडा लहान असला तर मी हिरवा दिवा लावायचा, वाढला तर लाल दिवा आणि भोंगा. हिरवा लागल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा नियम.

पहिले काही महिने सगळे माझा आकडा वाचायचे. मग नुसता रंग बघायला लागले. आकडा वाचायचे ते एकटे दादासो. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस, फौजेतून निवृत्त होऊन इथली मशीनरूम सांभाळत होता. जाता-येता गळ्यातल्या पंच्यानं माझी काच पुसायचे.

त्या मंगळवारी सकाळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली. अकराच्या सुमाराला आली ती टिकली आणि मी सुरू व्हायला लागलो. सुरू होताना मी एकेकाला हाक मारतो. आधी मेमरी, मग डिस्क, सगळ्यात शेवटी ते कार्ड. कार्डानं ओ दिली आणि मी कोसळलो. काळ्या काचेवर पांढऱ्या ओळी उमटल्या आणि सगळं थिजलं. दादासोंनी बटण दाबलं. पुन्हा तेच. चार वेळा तेच. भोंगाही माझ्याच हातात, त्यामुळं तोही मुका.

मॅनेजर विश्वजीतनं साताऱ्याला फोन लावला. नौशीन एसटी बदलत तीन वाजता पोचली. पाणीसुद्धा न पिता तिनं माझी पेटी उघडली.

"काय झालंय ह्येला?" दादासोंनी विचारलं.

"कर्नल पडतोय, काका. सुरू होतानाच."

"आमच्या पलटणीत कर्नल पडला म्हंजी लय मोठी भानगड असायची."

"इथंही तसंच. ह्याच्या आतला मुख्य अंमलदार आहे तो. तो पडला की बाकी कुणी हलत नाही."

तिनं पांढऱ्या ओळींचा फोटो घेतला. मेमरी बदलून पाहिली, मी पडलो. डिस्क दुसरी लावली, मी पडलो. मग तिनं पाठीतलं कार्ड उपसलं आणि बटण दाबलं. मी सरळ उठून उभा राहिलो. हिरवा दिवा लागला.

"झालं की मॅडम," विश्वजीत म्हणाला. "कार्डच गेलं असणार. बाहेर ट्रक उभाय सकाळपासनं."

"थांबा जरा. कार्ड ह्याला का पाडतंय ते बघू दे मला."

ती ऑफिसात लॅपटॉप उघडून बसली. विश्वजीत थांबला नाही. हिरवा दिवा बघून त्यानं चार नंबरचं दार उघडलं.

माझ्याकडे आता विचारायला कार्डच नव्हतं. उत्तर नाही म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे हिरवा, इतकंच मला येत होतं. ट्रकात बेदाण्याचे बॉक्स भरणाऱ्या बाया दारापाशी जमल्या. सगळ्यांत पुढं बनाबाई.

"सायेब, वास येतोय जरा," ती म्हणाली.

"तो कायमच असतो. दिवा बघा की."

बनाबाईनं माझ्याकडं बघितलं, पदर आवळला आणि आत गेली. बॉक्स वरच्या माळ्यावर होते. लाकडी जिन्यावरची तिची पावलं मला ऐकू येत होती. ओरडायचं कशासाठी, हेच मला माहीत नव्हतं.

ऑफिसात नौशीन ते फोटो वाचत होती. पडण्याआधीच्या शेवटच्या ओळीत तिनंच लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नाव होतं. तिनं तो उघडला. कार्डाकडून येणाऱ्या आकड्यासाठी तिनं तीन अंकांपुरतीच जागा ठेवली होती. चौथा अंक आला की तो शेजारच्या जागेत घुसणार आणि कर्नल पडणार.

"काका," ती ऑफिसच्या दारात उभ्या दादासोंना हळू आवाजात म्हणाली, "कार्ड चांगलंय. ते सकाळपासून चार अंकी आकडा सांगतंय."

"म्हंजी किती?"

"हजाराच्या वर."

दादासोंनी वळून माझ्या काचेवरचं शून्य पाहिलं. मग उघडं दार पाहिलं. भिंतीवरचा मास्क ओढून ते आत धावले.

खालच्या बाया खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या. अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर साठतो. बनाबाई तिसऱ्या माळ्यावर बॉक्सांच्या मध्ये पडली होती. दादासोंनी तिला खांद्यावर घालून आणलं. नौशीननं नळाखाली तिचे डोळे धुतले, ती धुतच राहिली, दवाखान्याची गाडी आली तरी तिचे हात थांबेनात. लाइटच्या जा-येमध्ये दाबाचे धक्के बसून वरच्या नळीचा एक व्हॉल्व्ह सैल झाला होता, हे मागाहून कळलं.

बनाबाई मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. नौशीन तिथं गेली आणि खाटेशी उभं राहून म्हणाली, "मावशी, चूक माझी होती. मी लिहिताना चुकले."

बनाबाईचा आवाज खरवडल्यासारखा झाला होता. "तू लिवलंस, त्यानं दार उघाडलं, मी चढले. कुणाकुणाला धरू आता?" एवढंच बोलून तिनं तोंड भिंतीकडं केलं. हे दादासोंनी मला पुसता पुसता सांगितलं. ते एकटे असले की माझ्याशी बोलतात.

नौशीननं मला आता मोठ्या आकड्यांना जागा करून दिलीय. कार्ड बोललं नाही तर लाल लावायचा, हेही शिकवलंय. विश्वजीतच्या जागी दुसरा मॅनेजर आलाय. दिवाळीनंतर बनाबाई कामावर आली. डोळे वाचले, पण तिला कशाचाच वास येत नाही. चुलीवर भाकरी करपली तरी कळत नाही, म्हणते.

रोज सकाळी ती माझ्यासमोर उभी राहते. तिला वाचता येत नाही. सोबतच्या राणीला विचारते, "राणे, किती म्हंतोय?"

"सहा, मावशी."

तरी ती लगेच हलत नाही. माझ्या काचेकडं बघत राहते.

मी सहाच म्हणतोय. पण मला कार्ड सांगतं, कार्डाला मापक सांगतं, आणि त्या गार अंधारात मापक तपासायला वर्षभरात कुणी शिडी लावून गेलेलं नाही. हे मला तिला सांगता येत नाही. राणी, बाई, तुझं नाक अजून शाबूत आहे. दारात एकदा थांब. तू श्वास घेऊन बघ, मग तिला आत जाऊ दे.

कडी सरकली. दोघी आत गेल्या.