ताईकडे उरलेला शब्द

हिवाळ्यात ताईच्या डोक्यातली एक बारीक नस फुटली आणि तिची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेली. अगदीच गेली असं नाही म्हणता येणार. देव कोठार झाडून नेतो तेव्हाही एखादा दाणा कोपऱ्यात राहतोच. ताईच्या जिभेवर राहिला तो ‘पुरे’.

घास भरवला की पुरे. पांघरूण ओढलं की पुरे. उशी सारखी केली की पुरे. तिचा धाकटा भाऊ शिंपी, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मशीन थांबवून तो दर थोड्या वेळानं आत यायचा, आणि एवढ्या एका शब्दावर त्या दोघांचा संसार चालायचा. आईच्या मागं ताईनंच त्याला वाढवलेलं. आता तिला घास तो भरवायचा.

आणि ही तीच ताई बरं का, जिच्या कुंपणाशी थंडी ओसरू लागली की सगळी गल्ली गोळा व्हायची! “रोपं बाहेर कधी काढू हो?” कुणी विचारलं की म्हणायची, “एकदम उन्हात नेऊ नका. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पाहुण्यांसमोर उभी करता का? आज घटकाभर, उद्या दोन घटका.” कुणी ओल्या चिखलात फावडं घेऊन उतरला की ओरडायची, “बाहेर हो! ती माती तुला फुलं देणार नाही, विटा देईल.” भावाला मात्र बागेत मज्जाव. “तू सुईदोरा बरा. फावडं दिलं तर वाफ्याला काजं करशील.”

आता सुईदोऱ्यालाच उतरावं लागलं. जिन्याखाली भुशाच्या खोक्यात ताईच्या डेलियाचे कंद होते. दर वर्षी उकरायचे, कापून वाढवायचे, पुन्हा लावायचे. बाहेरून एकही कधी आणला नाही. ताईच्या खिडकीसमोरचा वाफा त्यांचाच. तो उजाड राहिला तर ताई खिडकीकडे तोंड करायची सोडून देईल, मग जेवायचीही सोडेल, ही भावाची धास्ती. डॉक्टर काय ते म्हणोत, ताईचा जीव त्या खोक्यात आहे असं त्यानं मनात धरलं होतं.

शेजारच्या मास्तरीणबाईंनी कुंपणावरून शिकवणी घेतली. “कंदाच्या मानेशी बारीक फुगवटा दिसतोय? तो डोळा. डोळा नाही तो तुकडा फेका.”

“फेकू? ताईचा?”

“ठेवा मग देव्हाऱ्यात!”

भावानं वाफा खणला, कुजलेलं शेणखत मिसळलं, टेपनं अंतर मोजलं आणि कापड बेतायच्या खडूनं काठीवर खुणा केल्या.

“अहो, बाग आहे ही, पायजमा नव्हे,” बाई हसून आत गेल्या.

संध्याकाळ होत आली तेव्हा सगळे कंद आपापल्या खड्ड्यात बसले होते, डोळा वर, उघडे. आता माती लोटायची तेवढी राहिली होती. त्यानं वर बघितलं. खिडकीत ताई खुर्चीतून पुढं वाकली होती.

“पुरे!” ती म्हणाली.

“झालंच, ताई.”

“पुरे! पुरे!” डाव्या मुठीनं तिनं खिडकीची चौकट बडवली. चेहरा लाल झाला.

डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला चिडू द्यायचं नाही. माझं काहीतरी चुकतंय, हिला बघवत नाही, भावाला वाटलं. फावडं तिथंच टाकून तो आत धावला. “बरं, बरं, पुरे. उद्या करू. चिडू नकोस.” त्यानं खिडकी लावली, पडदा ओढला. ताई ‘पुरे’ म्हणत राहिली. तो तिची पाठ चोळत राहिला. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि बिचाऱ्याला वाटलं, शांत झाली.

आकाश निरभ्र होतं. पहाटे दव गोठलं.

सकाळी कंद काचेसारखे चमकत होते. ऊन चढलं तसे काळे पडून बसले. त्यानं एक उचलला, तर बोटं आत गेली आणि घाण पाणी मनगटावरून ओघळलं.

पडदा सारायचं त्याला धाडस होईना. पण ताईच्या खोलीत किती वेळ अंधार ठेवणार? त्यानं सारला. ताईनं वाफा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग डाव्या हातानं शालीचं टोक धरलं, मांडीवर पडलेल्या आपल्या लुळ्या हातावर ओढलं, त्यावर हळूहळू थोपटलं, आणि भावाकडे बघून म्हणाली, “पु… रे.”

मध्ये थांबली म्हणून त्याला तो ‘रे’ वेगळा ऐकू आला. ये रे, जेव रे, झोप रे. जन्मभर ती त्याला असंच सांगत आली होती.

“पुर रे?” तो तिच्या खुर्चीशी खाली बसला. “ताई, तू पुर म्हणत होतीस? माती घाल म्हणत होतीस?”

ताईनं डोळे मिटले, उघडले.

तो बाहेर गेला. वाफ्यात गुडघे टेकून एकेका काळ्या गोळ्यावर माती ओढू लागला. आडवा झालेला सरळ केला, ढेकूळ फोडून भुसभुशीत केलं, वरून अलगद दाबलं.

मास्तरीणबाई कुंपणाशी आल्या आणि त्यांच्या तोंडाला हात गेला. “अहो, गेले ते. त्यातून काही यायचं नाही आता.”

“माहीत आहे.”

“मग कशाला?”

“ताईनं सांगितलंय.”

भावानं एक ओळ बुजवली, दुसरी धरली.

“पुरे,” खिडकीतून आवाज आला. ना चढा, ना रडका. सरळ.

मूठभर माती हातात घेऊन तो वळला. ताई त्याच्याकडेच बघत होती. माती खाली टाकावी की कंदावर, हे काही केल्या त्याला कळेना.