एका हाकेला ओ नाही

“वानर खाकरलं की बिबट्या जवळ आहे समजायचं; गवत तिथंच टाकायचं आणि पोर पाठीशी बांधायची. झोपलेली असली तरी.” तोली साहेबांनी हे जसुलीला तिच्याच अंगणात, ताकाचा पेला हातात धरून बजावलं होतं. जसुलीने ते हसण्यावारी नेलं.

“साहेब, तुमच्या बंदुकीला गंज चढला, भीती तेवढी लखलखीत ठेवलीत!”

सासू हिरुली पदराआड खुदखुदली. साहेबही हसले. धानोलीच्या या डोंगरांत या गोऱ्या साहेबांनी तरुणपणी सात नरभक्षक वाघ मारले. नुसत्या हौसेपायी किती, ते मान खाली घालून सांगत. मग एक दिवस बंदूक भिंतीवर टांगली ती टांगलीच. आता व्हरांड्यात बसून त्याच वाघांबद्दल लिहायचे. “आधी जीव घेतला, आता विचारपूस चाललीय,” हिरुली म्हणायची.

कार्तिकात बायका गवताला निघाल्या. आठ महिन्यांच्या चनुलीला पाजून जसुलीने बांजाच्या झाडाच्या सावलीत टोपलीत निजवलं आणि गवत कापत कापत ती तीसेक पावलं वर गेली.

खाली वानर खाकरलं. जसुलीने ऐकलं. पण हाताला लय आली होती, भारा अर्धाच झाला होता. एवढी पट्टी उरकू, तिने मनाशी म्हटलं.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून हाक आली. “जसुली!”

एकच. सगळ्यांचे विळे थबकले आणि पुन्हा चालू झाले. रानातून एकदाच आलेली हाक माणसाची नसते. तिला ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही. माणूस असला तर पुन्हा हाक मारील.

“बघू नकोस गं,” हिरुली पुटपुटली.

जसुलीने मान आणखी खाली घातली. टोपली तिच्या पाठीमागे होती. वळली असती तर दिसली असती.

“जसुली! अगं जसुली! मी तोली! पोर उचल, पोर!”

ती उतारावरून घसरतच सुटली. टोपलीपासून दहा हातांवर, वारा नसताना गवत हलत होतं. त्यात दोन कान चपटे झालेले. जसुली किंचाळली, विळा भिरकावला आणि टोपलीसकट पोर छातीशी घेतली. बिबट्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो ओढ्याकडे उतरून गेला. चनुली झोपेतच होती.

साहेब गुडघ्यापर्यंत भिजून, धापा टाकत वर आले. हातात फक्त काठी.

“बंदूक हवी होती, साहेब,” कुणीतरी म्हणालं.

“असती तर नेम धरत बसलो असतो.” मग ते हिरुलीकडे वळले. “चूक माझी, वहिनी. जन्म तुमच्यात काढला आणि आधी हाक मारली ती एकदाच. काल विलायतेहून उतरल्यासारखी.”

“बसा आधी,” हिरुली म्हणाली. “मेलात तर वाघांची विचारपूस कोण करणार?”

दुसऱ्या दिवशी जसुली मडुव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकऱ्या आणि तूप घेऊन गेली. पाया पडायचं ठरवलं होतं, पण नुसती रडली. साहेबांनी भाकरी मोडली आणि गवत नेमकं कसं हलत होतं ते विचारून लिहून घेतलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा ते पान त्यांनी तिला तिच्या बोलीत वाचून दाखवलं. त्यात हसण्यावारी नेलेला इशारा नव्हता, उरकायची पट्टी नव्हती. एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने रीत विसरून एकदाच हाक मारली आणि एका आईने शिकवल्याप्रमाणे वाट पाहिली, एवढंच होतं.

“साहेब, वानर मी ऐकलं होतं.”

“ठाऊक आहे. पण ते सांगणं तुझं आहे. चनुली मोठी झाली की तिला सांग.”

चनुली आता चार वर्षांची आहे. जसुलीला पुन्हा दिवस गेलेत. रोज साहेबांना भाकरी पोचवायची ती, पण या महिन्यात चढण झेपत नाही. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, तसं तुम्हालाही सांगते: झऱ्यावरच्या बंगल्यावरून गेलात तर साहेबांची खबर घ्या. उजवा कान बंदुकीच्या आवाजानेच गेलाय, डाव्या अंगाने हाक मारा. एकदा मारून पुढे जाऊ नका, तीनदा मारा. तरी ओ आली नाही, तर दार नुसतं लोटलेलं असतं. आत जाऊन बघा.